सुरूच्या झाडांचं काय करायचं?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं लेखी रूप. घाईत राहून गेलेली दोन-चार वाक्यं नंतर घातली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘निसर्ग आणि आपण’. पत्रिकेत तसंच छापलंय. पण खरा विषय काय आहे, ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. बॅचच्या निधीतून किनाऱ्यावर झाडं लावायची असं ठरलं आणि कुठली लावायची यावरून तीन आठवडे भांडण चाललं. एका बाजूचं म्हणणं, निसर्ग वादळात पडलेलं सुरूचं बन पुन्हा उभं करा, तीच आपल्या गावाची ओळख. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सुरू परदेशी, ते मुळात आपलं नव्हतंच, उरलंय तेही काढा आणि फक्त देशी झाडं लावा. मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं म्हणून दोन्ही बाजूंनी मला खासगीत मेसेज केले, ‘तूच सांग गं त्यांना.’ त्यामुळे आज एकदाच सांगते. पंधरा मिनिटं मिळाली आहेत. दहावीच्या तोंडी परीक्षेलाही मला एवढा वेळ मिळाला नव्हता.

सुरुवात १९८३ पासून करायला हवी. आपण आठवीत होतो. सामाजिक वनीकरण विभाग राज्यात नुकताच, म्हणजे १९८२ मध्ये, सुरू झाला होता. जुलैतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सोडून सरांनी आपल्याला रांगेत किनाऱ्यावर नेलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वीतभर रोपं होती. मुलांनी खड्डे खणायचे, मुलींनी विहिरीवरून पाणी आणायचं, अशी वाटणी होती, आणि ती मला तेव्हाही पटली नव्हती. प्रत्येकाचं एक रोप. माझं शेवटून तिसरं होतं, पुळणीच्या अगदी टोकाला. उधाणाच्या भरतीचं पाणी तिथून पन्नास पावलांवर थांबायचं.

ती रोपं जगली. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी लावलेलं दुसरं काहीच जगलं नाही. शाळेमागची आंब्याची कलमं गुरांनी खाल्ली. सुरूला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, खारा वारा त्याला सोसतो, वाळूत ते उभं राहतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात, म्हणून निकस वाळूतही त्याचं भागतं. पाच-सहा वर्षांत आपल्या डोक्यावर सावली आली. सुरूची काडी सांध्यात तोडून पुन्हा खोचायची आणि ‘कुठे तुटलीय सांग’ म्हणायचं, हा खेळ इथल्या प्रत्येकाने खेळला असेल. ती काडी म्हणजे पान नव्हे, ती बारीक फांदीच असते. पानं म्हणजे त्या सांध्यावरचे इवलेसे खवले. हे सरांनी आपल्याला नववीत दाखवलं होतं, भिंगातून. मी पुढे वनस्पतिशास्त्र घेतलं ते त्या भिंगामुळे.

आता सुरू कुठला? आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटं हे त्याचं घर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड कारवारला १८६८ साली झाली, इंग्रजी अमलात, जळणासाठी. तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. ‘सुरू’ हे नावही मूळ त्याचं नाही. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सरळ, उंच वाढणारं सायप्रसचं झाड, त्यावरून आलेलं. म्हणजे झाडही पाहुणं आणि नावही उसनं. देशी पक्षाने एवढ्यावर टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण लगेच नको.

कारण ३ जून २०२० बद्दल बोलायचं आहे.

टाळेबंदी होती. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला दुपारी किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मी पेणला होते. इथे माझ्या भावाचा फोन बारा वाजता बंद झाला तो पाचव्या दिवशी लागला. पहिलं वाक्य काय म्हणाला? ‘ताई, वाडी गेली.’ आमच्या वडिलांनी लावलेली पोफळी, कंबरेत मोडावी तशी मोडलेली. माड मुळासकट. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत हीच गोष्ट घराघरात आहे, मी वेगळं काही सांगत नाही. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं लागतात. साठीच्या माणसाने ती पुन्हा लावायची म्हणजे काय, ते ज्याने लावली त्यालाच माहीत.

आणि किनाऱ्यावरचं आपलं बन. आपल्यातला एक जण, तो आता समोर बसलाय, नाव घेत नाही, त्याचं घर बनाला लागून आहे. दोन सुरू त्याच्या छपरावर आडवे झाले. कौलं गेली, वासे गेले, त्याची आई पडवीत होती म्हणून वाचली. मी जुलैत आले तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन बुंधा तोडत होता. मला म्हणाला, ‘शाळेने लावलं होतं ना हे? परदेशी झाड. त्याला आपल्या मातीची काय पडलीय?’

मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. ज्याच्या घराचं छप्पर गेलंय त्याला वनस्पतिशास्त्र शिकवू नये. पण ते वाक्य माझ्या डोक्यात पाच वर्षं आहे.

कारण त्याच वादळात आंबे पडले, फणस पडले, देवळापुढचा वड आडवा झाला. वड तर आपलाच. आणि ज्या पोफळीसाठी माझा भाऊ रडला, श्रीवर्धनच्या ज्या रोठ्याचा आपल्याला अभिमान, ती पोफळ मूळची मलेशिया-फिलिपिन्सकडची. ती आली एवढ्या पूर्वी की आपण विसरलो. पानसुपारीशिवाय आपलं लग्न ठरत नाही. शाळेच्या पटांगणातल्या चिंचेखाली आपण डबे खाल्ले. चिंच आफ्रिकेची. अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटलं आणि सगळ्या जगाला ती हिंदुस्थानची वाटली. गुलमोहर मादागास्करचा, देवळातला पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा. आणि आज सकाळी नाश्त्याला ज्यांचा उपवास होता त्यांना जी खिचडी मिळाली, तिच्यातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे चारही अमेरिका खंडांतून आलेले. त्यात तेवढं तूप आपलं. इथून जवळच रेवदंड्याला पोर्तुगीज दोनशे वर्षांच्या वर होते, १७४० पर्यंत. किल्ला पडका झाला, पण काजू, पपई, अननस, बटाटा हे त्यांच्याकडून आलेले शब्द आपल्या तोंडात पक्के बसले.

एवढं ऐकून सुरू-पक्ष खूश झालेला दिसतोय. थांबा. ‘सगळंच बाहेरून आलंय, मग काय बिघडलं’ हेही आळशीपणाचं बोलणं आहे. घाणेरी शोभेसाठी आणली. फुलं रंग बदलतात, छान दिसते, काळी फळं आपण खाल्लीही आहेत. पण सागरगडाच्या वाटेवर जा आणि घाणेरी नि रानमोडीच्या जाळीत दुसरं काय उगवतंय ते मला दाखवा. तळ्यात जलपर्णी पसरली की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. हे नुकसान खरं आहे. मात्र काजूही ब्राझीलचा आणि घाणेरीही तिकडचीच. एक आपल्या पोटाला लागला, दुसरीने रान अडवलं. म्हणजे पासपोर्ट बघून काही कळत नाही. झाड इथे येऊन काय करतं, ते बघायला लागतं. आणि तेही कुठल्या जागी.

गाजरगवताचं उदाहरण मला वर्गात सांगायला आवडायचं. पुण्यात ते पन्नासच्या दशकात नजरेत आलं. तेव्हापासून लोक सांगतात की ते अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ गव्हातून आलं, काहींनी त्याला काँग्रेस गवत म्हणून राजकारणातही ओढलं. आता तारखा बघा. तो गव्हाचा करार भारताशी झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि या गवताची पुण्यातली नोंद शास्त्रीय नियतकालिकात छापली गेली तीही १९५६ सालीच. ज्याची नोंद तेव्हा छापली, ते झुडूप त्याआधीच उगवलेलं असणार. पण आपल्याला दोष द्यायला एक परका लागतो, आणि तो एकदा मिळाला की तारखा कोण बघतो?

इथे मला एक गोष्ट बोलायची आहे, थोडी कडू आहे. ग्रुपवर झाडांबद्दल लिहिताना ‘घुसखोर’, ‘उपरे’, ‘हाकला’ असे शब्द आले. दोन दिवसांत तेच शब्द माणसांबद्दल आले. कोणी लिहिलं ते सोडा, पुढे ढकललेला मेसेज होता. पण आपल्या वर्गात सातवीला एक मुलगी आली होती. तिचे वडील थळच्या खत कारखान्याच्या बांधकामावर होते. आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि दहावीला मराठीत तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. बाई, तुम्हाला आठवतंय. ती त्या ग्रुपवर आहे. ते मेसेज आल्यापासून ती ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. आज ती आलेली नाही. कामामुळे आली नसेल, मला माहीत नाही. मी तिला फोन केला नाही, ही माझी चूक, तो आज रात्री करणार आहे.

हा किनाराच येणाऱ्यांचा आहे. नौका फुटून आपले पूर्वज नवगावला लागले, असं बेने इस्रायली सांगत आले. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, आणि ते मराठीच बोलले. अलिबागेत इस्रायल आळी आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले. एवढंच सांगते की झाडांचं शास्त्र माणसांना लावू नका. झाडाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो झाडापुरता ठेवला तर त्याचं उत्तर सापडतं.

तर तो प्रश्न आपल्या बनाला विचारू.

बनाच्या मागच्या बाजूला वाड्या आहेत. तिथे सुरूने चाळीस वर्षं खारा वारा अडवला. ज्यांच्या वाड्या बनाच्या आडोशाला होत्या त्यांना हे माहीत आहे. कोळीवाड्यातल्या बायका सुरूच्या काड्या आणि बोंडं गोळा करून चूल पेटवायच्या, गॅस महागला तसं आता परत गोळा करू लागल्यात. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे लोक त्या सावलीत बसतात, त्यांच्या चहा-भज्यांवर आपल्या गावातली दहा-बारा घरं चालतात. हे सगळं जमेच्या बाजूला लिहा.

बनाच्या पुढच्या बाजूचा हिशोब वेगळा आहे. आपण लहान असताना पुळणीवर मर्यादवेल असायची, जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची. नाव किती नेमकं आहे बघा. समुद्राची मर्यादा जिथे, तिथे ती वेल. ती आणि तिच्यासोबतचं काटेरी गवत वाळू धरून ठेवतात, त्यातून वाळूची टेकाडं तयार होतात. वादळाची लाट आली की टेकाड थोडं खचतं, लाटेचा जोर खातं, आणि पुढच्या वर्षी वाऱ्याने वाळू येऊन पुन्हा उभं राहतं. आपण तिथे सुरू लावला. सुरूच्या काड्यांचा थर पडला, त्या थराखाली वेल गेली, गवत गेलं. पुढची रांग तर भरतीच्या रेषेच्या इतक्या जवळ होती की लाटांनी खालची वाळू काढली आणि मुळं उघडी पडली. निसर्गच्या आधीच त्या रांगेतली कितीतरी झाडं तिरकी झाली होती, आपण त्यांच्यावर बसून फोटो काढायचो. छपरावर आलेली दोन झाडं मात्र मागच्या रांगेतली होती, चाळिशीला आलेली, उथळ मुळांची, एकाला एक खेटून लावलेली, कधीही विरळ न केलेली.

आणि कासवं. दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं काम तर सगळ्यांना माहीत आहे. मादी रात्री वर येते, मोकळी वाळू शोधते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते. मुळांच्या जाळ्यात तिला तो करता येत नाही. शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, जास्त ऊब असेल तर माद्या. दाट सावली पडली की तोही हिशोब बदलतो. पूर्व किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपर्यंत सुरू लावल्याने कासवांची जागा गेली, ही तक्रार जुनी आहे. आपल्या पुळणीवर पूर्वी कासवं यायची असं माझी आजी सांगायची. ती का थांबली याला सुरू एकटा जबाबदार नाही. अंडी खाणारे आपणच होतो, वाळू उपसणारे आपणच, आणि गाड्या थेट पाण्यापर्यंत नेणारेही.

सर, आता तुमच्याकडे वळते. हे बोलू की नको असं मला आठवडाभर वाटत होतं, म्हणून मी तुम्हाला आधी फोन केला. १९८३ मध्ये आपली चूक झाली. परदेशी झाड लावलं ही चूक नव्हती. एकच जात, एका वयाची, खेटून, आणि थेट पुळणीवर लावली, ही चूक होती. फोनवर सर हसले. म्हणाले, ‘अगं, रोपवाटिकेत सुरूच होता. किती रोपं लावली आणि किती जगली एवढंच वर कळवायचं होतं. मी उंडी मागितली असती तर मला वेड्यात काढलं असतं.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘मर्यादवेल आम्ही मुलांकडून उपटून घेतली होती, खड्ड्यांसाठी जागा करायला. ते मला आठवतंय.’ मलाही आठवलं. दोन्ही हातांनी ओढत होतो आपण, कोणाची वेल जास्त लांब निघते याची पैज लावून. आपल्यातला कोण जिंकला होता ते कृपा करून आज सांगू नका.

आता माझं म्हणणं. पटलं तर घ्या.

मागच्या बाजूला जे सुरू धडधाकट उभे आहेत ते ठेवा. विरळ करा, वाकलेले आणि घरांच्या अंतरात येणारे काढा. उंची मोजा आणि तेवढं अंतर घरापासून सोडा, हा साधा हिशोब आहे. पुळणीवर एकही नवीन झाड लावू नका. देशीही नाही. तिथे फक्त दोरी बांधा आणि गाड्या अडवा. मर्यादवेल आपण लावायची गरजही पडणार नाही कदाचित, तिच्या बिया समुद्रावरून येतात. मधल्या पट्ट्यात निर्गुडी, केवडा, करंज, भेंड, उंडी असं मिसळून लावू. उंडीचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, लाकूड होडीला लागायचं, आता देवळामागे एकच जुनं झाड उरलंय. उंडी फार सावकाश वाढते. आपण बहुतेक तिच्या सावलीत बसणार नाही. आणि हे काम फोटो काढून होणारं नाही. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, ही नावं आज ठरली नाहीत तर निधी शाळेच्या मुतारीला द्या. खरंच, तिची जास्त गरज आहे.

छप्पर गेलेल्या माझ्या मित्राला हे पटलेलं नाही. काल रात्री जेवताना आम्ही पुन्हा बोललो. तो म्हणाला, ‘तू पेणला झोपतेस. वारा सुटला की त्या झाडांचा आवाज मी ऐकतो.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. म्हणून मी एवढंच सुचवते की त्याच्या घराच्या बाजूची कुठली झाडं ठेवायची, कुठली काढायची, हे त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी सांगावं. आपण परगावी राहणाऱ्यांनी तिथे मत देऊ नये. सुरूला समुद्राचा आवाज येतो असं आपण कवितेत लिहितो. त्याला तो वेगळा ऐकू येतो.

जागा आपल्या मालकीची नाही, तेव्हा ग्रामपंचायत आणि वनखातं या दोघांकडे अर्ज करावा लागेल. मसुदा मी लिहून आणलाय, सह्या जेवणाच्या मंडपात करायच्या आहेत. उद्या सकाळी सात वाजता ओहोटी नसली तरी चालेल, आपण बनातली उभी झाडं मोजणार आहोत, खडूने आकडे घालत. सर येतो म्हणाले आहेत, त्यांच्यासाठी कोणीतरी खुर्ची घ्या. देवळामागे उंडीच्या बिया पडल्या असतील तर त्याही वेचू. त्यांचं कवच जरा फोडून लावलं तर लवकर रुजतात, नाहीतर महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. घरून एखादा जुना अडकित्ता आणा.